घाई वाढली म्हणजे पिशवी बिघडली असं नसतं

नाशिकहून एका मुलाने आईविषयी विचारलं आहे. थोडक्यात असं: आई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मधुमेह आणि बीपी जुनंच. चार वर्षांपूर्वी ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरचं निदान झालं, सॉलिफेनासिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि बरं चाललं होतं. गेल्या चार-पाच महिन्यांत मात्र लघवीची घाई पुन्हा वाढली. रात्री तीन वेळा उठावं लागतं, दिवसा बाहेरून आल्यावर कुलूप उघडेपर्यंत धरवत नाही. गोळी १० ची केली तरी फरक नाही, वर तोंडाला कोरड. "तिची पिशवी कमकुवत झाली का? वय वाढेल तसं हे वाढतच जाणार का? मे महिन्यात भाचीचं लग्न रत्नागिरीला आहे, तिकडे यायलाही ती नाही म्हणते."

आधी 'पिशवी' या शब्दाविषयी. आपल्याकडे बायका पिशवी म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गर्भाशय म्हणायचं असतं. "माझी पिशवी काढलीय", "पिशवी खाली आलीय" वगैरे. मूत्राशयालाही तोच शब्द. माझ्या ओपीडीत या घोळात कितीदा चुकीचा इतिहास लिहिला गेलाय, म्हणून मी आता सरळ 'लघवीची पिशवी' असंच म्हणतो. तुमच्या आईंच्या बाबतीत ती कमकुवत झाली असण्याची शक्यता मला कमी वाटते. ओव्हरॲक्टिव्ह म्हणजे उलटंच. तिचा स्नायू वेळेआधी, न विचारता आवळायला लागतो. एरवी ३०० ते ५०० मिली लघवी आरामात साठते. इथे शंभर-सव्वाशेलाच ती 'चला, चला' करायला लागते.

आता मुख्य गोष्ट. मूत्राशयाचा हा स्वभाव चार वर्षं आटोक्यात असतो आणि मग चार महिन्यांत बिघडतो, तेव्हा बिघाड सहसा त्याच्या बाहेर असतो. वय चार महिन्यांत वाढत नाही. म्हणून अशा पेशंटला माझा पहिला प्रश्न 'किती वेळा जाता' हा नसतो. 'दिवाळीनंतर घरात, जेवणात, औषधाच्या डब्यात नवं काय आलं?' हा असतो. आणि डबा सोबत आणायला सांगतो. चिठ्ठी नको, डबाच.

डब्यात मी काय शोधतो ते सांगतो, कारण तुमच्या आईंचं उत्तर तिथेच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

मधुमेहासाठी अलीकडे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या भरपूर दिल्या जातात. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि आपल्याकडे ती एकदम स्वस्त झाली. औषध उत्तम आहे, हृदयाला आणि किडनीला त्याचा फायदा आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण ते काम कसं करतं? रक्तातली साखर लघवीतून बाहेर टाकून. दिवसाला साधारण ७० ग्रॅमपर्यंत साखर जाते, आणि साखर एकटी जात नाही, पाणी ओढून नेते. दिवसाला तीन-साडेतीनशे मिली लघवी वाढते. शांत मूत्राशयाला हे कळतही नाही. घाईच्या मूत्राशयाला कळतं. शिवाय त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि आग होते, तीही घाई वाढवते. शुगरच वाढलेली असली तरी असंच होतं. रक्तातली साखर १८०च्या पुढे गेली की ती लघवीत उतरायला लागते.

दुसरी बीपीची गोळी. गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं असली तर आत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, आणि पेशंटला ते माहीतच नसतं. ती संध्याकाळी घेत असतील तर सकाळी घ्यायला सांगता येतं का ते विचारा. अॅम्लोडिपिनचं प्रकरण वेगळं आहे. ते लघवी वाढवत नाही, पाय सुजवतं. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे औषध सकाळचं, सूज संध्याकाळची आणि लघवी रात्री दोनची. कंबरदुखी किंवा पायाच्या आगीसाठी दिलेली प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन यांच्यानेही पाय सुजतात. झोपताना आईंचे मोजे काढल्यावर घोट्यावर वण उमटतो का, नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबला तर खड्डा राहतो का, एवढं घरी बघा.

आणि तिसरी गोळी खुद्द आमची, म्हणजे घाईसाठी आम्हीच दिलेली. यावर मी जरा थांबणार आहे.

सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या ज्या संदेशाने मूत्राशय आवळतं तो संदेश अडवतात. तोच संदेश लाळेच्या ग्रंथींना आणि आतड्यालाही लागतो. डोस ५ चा १० केला की तोंड कोरडं पडतं, मग माणूस दिवसभर घोट घोट पाणी पितो. आतडं मंदावतं, पोट साफ होत नाही. भरलेलं गुदाशय मूत्राशयाला मागून दाबतं, दोघांच्या नसाही मणक्याच्या एकाच भागातून येतात. कुंथून कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात. म्हणजे घाईसाठी डोस वाढवला, आणि डोसामुळेच घाईची दोन नवी कारणं तयार झाली. पेशंट म्हणतो गोळी लागू पडत नाही, आम्ही म्हणतो अजून वाढवू. हे चक्र मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना लावलंय, हे कबूल करायला हरकत नाही. एका आजोबांना मी दोनदा गोळी बदलून दिली, आणि शेवटी त्यांच्या सुनेने सांगितलं की बाबा आठवड्यातून दोनदाच परसाकडे जातात. इसबगोल, पुरेसं पाणी, सकाळचा ठरलेला वेळ, एवढ्याने तीन आठवड्यांत अर्धं काम झालं. मी विचारलंच नव्हतं.

त्यात सर्दीच्या, अॅलर्जीच्या, झोपेच्या, पोटात मुरड येते म्हणून घेतलेल्या काही गोळ्या याच जातीच्या असतात. सगळ्यांची बेरीज झाली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही. तळाला लघवी उरलेली, म्हणून लगेच पुन्हा भरतं. वयस्कर माणसाचा विसराळूपणाही या बेरजेने वाढू शकतो. उलट स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल सुरू असेल तर ते नेमकं विरुद्ध काम करतं, घाई वाढवतं, आणि मग घाईसाठी सॉलिफेनासिन दिलं जातं. एक गोळी ॲक्सिलरेटर, एक ब्रेक, दोन्ही एकाच वेळी दाबलेल्या.

हे वाचून आईंच्या गोळ्या तुम्ही बंद करू नका. ज्याने ज्या गोळ्या दिल्या त्याच्यापुढे यादी ठेवून एवढंच विचारा, 'यातली कुठली लघवी वाढवणारी किंवा पाय सुजवणारी आहे का, आणि वेळ किंवा गोळी बदलता येईल का?'

डबा तपासून झाला की डायरी. तीन दिवस पुरतात. शंभर-दीडशे रुपयांचा खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग घ्या, तो बाथरूममध्ये ठेवा. प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली, घाई होती का, कपडे ओले झाले का, आणि काय किती प्यायलं. मोबाइलमध्ये ॲप आहेत, पण माझ्या एक पेशंट बाई कालनिर्णयच्या दुधाच्या रकान्यात लिहून आणायच्या, आणि तितकी चोख डायरी मी कुठल्याही ॲपमधून पाहिली नाही. दूध अर्धा लिटर, खाली लघवी १८०.

डायरी अशी वाचायची. रात्री झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, यांची बेरीज करा. समजा रात्री २२०, २०० आणि १८०, सकाळी २५०. झाले ८५०. चोवीस तासांची एकूण १९००. म्हणजे जवळपास ४५ टक्के लघवी रात्रीच तयार झाली. या वयात एक तृतीयांशापेक्षा जास्त झाली की रात्रीच्या उठण्याचं कारण बहुतांशी मूत्राशय नसतं. त्याने तर दोनशे-दोनशे मिली नीट साठवली! अशा माणसाला सॉलिफेनासिन कितीही वाढवून दिलं तरी तो तीन वेळा उठणारच. तिथे पायाची सूज, मीठ, रात्री उशिराचं पाणी-ताक-चहा, हृदय आणि घोरणं बघायचं. मीठ उगाच नाही म्हणत. २०१७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी रात्री वारंवार उठणाऱ्या लोकांचं मीठ दिवसाला १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तर रात्रीचं उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. लोणचं, पापड, ठेचा आणि वर ताकात मीठ हा आपला हिशेब बघता करून बघण्यासारखी गोष्ट आहे. घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयातून लघवी वाढवणारं एक संप्रेरक सुटतं. श्वासाचं मशीन लावल्यावर रात्रीच्या फेऱ्या कमी झालेले लोक मी पाहिले आहेत. ते माझ्याकडे आले होते प्रोस्टेटचं ऑपरेशन करायचं का विचारायला.

याउलट रात्री प्रत्येक वेळी ८०-९० मिलीच होत असेल तर दोष मूत्राशयाकडे जातो, आणि मग संसर्ग, खडा, उरलेली लघवी असं बघावं लागतं.

डायरीतला दुसरा रकाना पिण्याचा. इथे दोन टोकं भेटतात. एक, पहाटे उषःपान म्हणून तांब्याच्या लोट्यातलं लिटरभर पाणी एका दमात पिऊन अर्ध्या तासात फिरायला निघणारे. मग बागेत पोहोचायच्या आत घाई, आणि निष्कर्ष 'आजार वाढला'. तेच पाणी दिवसभरात विभागून प्या, शास्त्राचा अपमान होत नाही. दुसरं टोक म्हणजे पाणीच तोडणारे. कमी पाण्याने लघवी गडद होते आणि ती आतल्या अस्तराला बोचते. उन्हाळी लागते ती त्याच वाटेने. शिक्षिका, कंडक्टर, पोलीस, दुकानातल्या मुली या पेशांत स्वच्छतागृहच नसल्याने पाणी न पिण्याची सवय जन्माची लागते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने बायकांना चळवळ उभारावी लागली ती हौस म्हणून नाही. तुमच्या आईंनी वर्षानुवर्षं शाळा सुटेपर्यंत धरून ठेवलं असेल तर त्यामुळे हा आजार झाला असं मी म्हणणार नाही, पण दिवसभर दोन पेले आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर, हा क्रम अजून चालू असेल तर तो मोडा. इतर कारणाने पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, आणि संध्याकाळी सातनंतर हात आखडता.

चहाविषयी खरं कुणी सांगत नाही. 'दोनदाच घेते' म्हणतात, आणि मग अर्धा-अर्धा कप करत सहा होतात. उपवासाच्या दिवशी तर पोटात चहाच असतो, आणि वर साबुदाण्याने पोट धरलेलं. कॅफिन लघवीही वाढवतं आणि मूत्राशयालाही डिवचतं. एकदम सोडलात तर डोकं धरतं. दर चार दिवसांनी एक कमी करा. आंबट, तिखट, सोडा याने काहींना त्रास होतो, काहींना नाही. आठवडाभर बंद करून बघावं, फरक नसेल तर उगाच सोलकढी सोडू नये. 'लघवी साफ होते' म्हणून गोखरूचा काढा किंवा जवाचं पाणी सुरू केलं असेल तर थांबवा. ते मूत्रल आहे, तुमचा त्रासच मुळी वेगळा आहे.

बायकांच्या बाबतीत एक कारण नेहमी राहून जातं. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होऊन योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं. घाई, आग, वारंवार संसर्ग हे सगळं त्यातून वाढतं. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम यावर चांगलं काम करतं, पण बायका बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरलं असेल तर तेही तपासायला हवं. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष बघावं लागतं, नुसत्या सोनोग्राफीवर भागत नाही.

सोनोग्राफीचं निघालंच आहे तर, 'उरलेली लघवी १८० मिली' असा रिपोर्ट घेऊन घाबरून येणारे आठवड्याला दोन-चार तरी असतात. होतं काय, चार-पाच ग्लास पाणी पाजून तासभर बसवतात, अगदी फुटेस्तोवर. मग बाहेर एकच टॉयलेट, दाराशी तिघं उभे. घाईत निम्मी करून माणूस परत येतो, पुन्हा पंधरा मिनिटं नंबर. तोवर आधी प्यायलेलं पाणी खाली उतरतच असतं. हा आकडा खोटा असतो. निवांत, नेहमीच्या घाईला जाऊन, लगेच मोजलेला आकडा धरायचा.

लघवीची तपासणी करा, पण कल्चरमध्ये जंतू आले म्हणजे प्रत्येक वेळी अँटिबायोटिक असंही नाही. वयस्कर बायकांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू बऱ्याचदा सापडतात. आग, दुर्गंधीसह अचानक वाढलेली घाई, ताप असं असेल तर उपचार करायचा. पू पेशी खूप, पण कल्चर पुन्हा पुन्हा स्वच्छ, असं दिसलं तर आपल्या देशात मूत्रमार्गाचा क्षयरोग डोक्यात ठेवावा लागतो. त्यात मूत्राशय आकसून लहान होत जातं.

वजनाचं थोडक्यात: २००९ साली अमेरिकेत जाड बायकांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन उतरलं तेव्हा लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. खोकल्या-शिंकण्याबरोबर निसटणाऱ्यांना फायदा जास्त झाला, पण ७५ किलोच्या बाईंना सहा किलो उतरवण्याने नुकसान काहीच नाही. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांचं वेगळं सांगायला नको.

पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी. हा बायकांचाच आजार नाही. २००६ साली युरोपातले चार देश आणि कॅनडा इथे झालेल्या मोठ्या पाहणीत पुरुषांत १०.८ आणि स्त्रियांत १२.८ टक्के प्रमाण निघालं. पुरुषात पन्नाशीनंतर घाई वाढली की आधी प्रोस्टेटचा अडथळा बघायचा. अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका होतो.

आणि नसा. पक्षाघात, पार्किन्सन माहीत असतो तेव्हा प्रश्न नाही. माहीत नसतो तेव्हा आहे. घाई वाढलेल्या प्रत्येकाला मी विचारतो, 'चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का? सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो का?' एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे फक्त घाई म्हणून आले होते. बटणं बायको लावून देत होती, ते त्यांना वयाचं वाटत होतं. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू दबलेला निघाला. असं काही असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल, लघवी अडून पोट फुगत असेल, किंवा लघवीत एकदा जरी रक्त दिसलं असेल, मग ते दुखो न दुखो, तर डायरी-बियरी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

कुलूप उघडताना होणारी घाई ही मेंदूला लागलेली सवय आहे. दार दिसलं, चावी फिरली, नळाचा आवाज आला की मूत्राशय आवळतं. त्यात 'निघायच्या आधी एकदा जाऊन घे' हे आपण सगळ्यांनाच शिकवलेलं. दर वेळी ऐंशी मिलीला रिकामं केलं की ऐंशीचीच सवय लागते. उलट शिकवता येतं. घाई आली की धावायचं नाही, जागच्या जागी थांबायचं किंवा टेकायचं, वायू अडवताना आवळतो ते स्नायू पटापट पाच-सहा वेळा आवळायचे-सोडायचे, लाट ओसरली की चालत जायचं. दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधलं अंतर पंधरा मिनिटांनी वाढवायचं. सहा ते बारा आठवडे लागतात, आणि गोळीइतकाच याचा उपयोग होतो. धावू नका हे मी पाय मोडलेले बघून सांगतोय; रात्री दोन वाजता ओल्या फरशीवरून बाथरूमकडे धावलेल्या आज्यांची खुब्याची हाडं लघवीच्या आजारात मोजली जात नाहीत एवढंच.

तुमच्या आईंसाठी मी या क्रमाने जाईन: तीन दिवसांची डायरी, डबा, लघवीची तपासणी आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), घोटे, पोट साफ होतं का, आणि निवांत मोजलेली उरलेली लघवी. १० च्या गोळीने फरक नाही आणि कोरड वाढली, तर ५ वर परत यावं की मिराबेग्रॉनसारख्या वेगळ्या वाटेने काम करणाऱ्या गोळीवर जावं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. मिराबेग्रॉनने तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण बीपी वाढू शकतं; आईंचं बीपी ताब्यात आहे का हे आधी बघावं लागेल. याने न जमलं तर पायाच्या घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून अर्धा तास, बारा आठवडे विजेचे सौम्य झटके देतात, किंवा मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत. तिथवर बहुतेकांना जावं लागत नाही.

रत्नागिरीचं म्हणाल तर मेपर्यंत वेळ आहे, आईंना घेऊन जा. रात्रीची स्लीपर नको, दिवसाची गाडी करा, दर दोन तासांनी थांबायचं हे ड्रायव्हरला निघतानाच सांगा. पाणी बंद करू देऊ नका, फक्त निघण्याआधीचा चहा वगळा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्या दिवशी ती पोहोचल्यावर घेतली चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पर्समध्ये एक पॅड आणि एक जादा परकर. आणि कार्यालयात गेल्या गेल्या टॉयलेट कुठे आहे ते तुम्ही बघून या, त्यांना विचारत फिरायला लावू नका.